गिटारच्या नॉबवरचे लाल ठिपके

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच). भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे सगळं ठीक, फक्त ही माझ्याशी बोलत नाही. कारण पुढे येईलच.

रविवारी तू आली होतीस तेव्हा चहा होईपर्यंत सोफ्यावर मांडी घालून माझी गिटार वाजवत बसलीस. तू गेलीस आणि मागोमाग बँडमास्तर वर आले. खाली जिन्यात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. वाजवणारा मीच, असं धरून म्हणाले, "शनिवारी हॉलच्या मालकासमोर वाजवून दाखवायचंय, तिथे हाच आवाज हवा. नाहीतर मी दुसरं कुणीतरी बघतो." म्हणजे बँडमधली माझी जागा राहते की जाते, याचाच निकाल! मी तिथल्या तिथे ठरवलं की तो आवाज पुन्हा काढायचा म्हणजे काढायचा. आवाज गिटारच्या अंगावरच्या या तीन नॉबमध्ये असतो. तू नॉब फिरवून जिथे सोडलेस, तिथेच त्यांना खुणा करून ठेवल्या की झालं. (या नॉबवर आकडे न छापणारा कारखानदार मला एकदा भेटायला हवा.)

लगेच हिची लाल नेलपॉलिश घेतली आणि तिन्ही नॉबवर एकेक ठिपका दिला, सगळे खिडकीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी तालमीला गेलो, तर तालमीच्या खोलीला तीन बाजूंनी खिडक्या! मी गिटार घेऊन गोल गोल फिरतोय आणि ढोलकवाला पोट धरून हसतोय. पण मी हार मानणाऱ्यातला नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. घरी येऊन सोफ्यावर त्याच जागी बसलो, ठिपके खिडकीकडे वळवले आणि त्यांच्यासमोर गिटारच्या अंगावरही ठिपके दिले. आता ठिपक्याला ठिपका, जगात कुठेही जा. (उरलेली बाटली सोफ्यावर लवंडली. हिचा अबोला तेव्हापासून.)

तरी बँडमास्तर म्हणाले, "रविवारचा आवाज हा नव्हे." मग मी तुझ्यासारखी मांडी घालून वाजवलं (कंबर तिथे गेली), तुझीच उशी पाठीशी घेतली, एवढंच काय, गॅसवर चहाचं आधणही ठेवून पाहिलं. आवाज आपला माझाच.

भाऊजींना नमस्कार.

तुझा हट्टी भाऊ

ता. क. हिने आज तोंड उघडलं. "अहो, नॉब आहेत तिथेच आहेत. रविवारी वाजवत कोण होतं?" एवढंच बोलून भाजी चिरायला लागली.

ता. क. दुसरा. शनिवारी संध्याकाळी हॉलवर ये. बँडमास्तरांना सांगून टाकलंय की दुसरं कुणी बघू नका, आमच्या घरात आहे. नाही म्हणू नकोस, मी न्यायलाच येणार आहे. नॉब मी लावून ठेवतो, तू फक्त वाजव. जागा गेल्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण रविवारी मी स्वयंपाकघरात कप विसळत होतो, ताई, आणि तू वाजवायला लागल्यावर नळ बंद करून ऐकत उभा राहिलो होतो.