पिस्तूल बरं की रायफल

९ ऑगस्ट २०२५, शनिवार. सकाळी ८:३०

निर्णय झाला. घरात हत्यार येणार. मार्चमध्ये ग्रीन कार्ड आलं, म्हणजे आता कायद्याने घेता येतं. बारा वर्षं व्हिसावर काढली, तेव्हा भाजीच्या सुरीवर भागवलं.

कारण एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. १७ मे. गॅस स्टेशनचं, म्हणजे पेट्रोल पंपावरचं दुकान. एक माणूस पिस्तूल घेऊन आत शिरला. माझी बायको इला काउंटरवर दुधाचे पैसे देत होती. मी दाराजवळ कॉफी ओतत होतो. मी प्रसंगावधान राखून बाहेर पडलो आणि पोलिसांना ९११वर फोन केला. माणूस गल्ला घेऊन पळाला. कुणाला ओरखडासुद्धा नाही. एकूण प्रसंग उत्तम हाताळला गेला.

तरी पुढच्या वेळी इलाच्या पुढे मी उभा असेन. दसऱ्यापर्यंत तयारी पूर्ण करायची.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६

संग्रामकडे जाऊन आलो. इथे टेक्सासमध्ये, फ्रिस्कोतल्या आपल्या लोकांत हत्यारांचे जाणकार दोनच. संग्राम पिस्तूलवाला, गिरीश रायफलवाला. दोघं तीन तास भांडले. मी नोट्स घेतल्या.

गिरीशचं म्हणणं, रायफल खांद्याला टेकते, गालाला टेकते, दोन्ही हातांत बसते. घाबरलेल्या माणसाचाही नेम लागतो. पिस्तूल हवेत धरायचं, मनगट तसूभर हललं की गोळी शेजाऱ्याच्या घरात. संग्राम म्हणाला, घर म्हणजे काय रणांगण आहे का? बाथरूम आणि देवघर यांच्यामधल्या पॅसेजमध्ये रायफल घेऊन वळून दाखव, भिंतीवरचे सगळे फोटो खाली येतील. भरवशाचा मुद्दा निघाला. गिरीशची रायफल दोन हजार गोळ्यांत एकदाही अडकलेली नाही. संग्रामचं पिस्तूल चिखलात पडूनसुद्धा चाललं. गिरीशने विचारलं, कसला चिखल? झेंडूच्या वाफ्यातला, असं निघालं.

मग संग्रामने मला विचारलं, त्या दिवशी तुझ्याकडे पिस्तूल असतं तर काय केलं असतंस. मी म्हणालो, सरळ झाडलं असतं. गिरीशने विचारलं, तू उभा कुठे होतास. दाराशी, म्हणालो. उत्तम पोझिशन, म्हणाला. मी चहा मागितला.

इला आली होती, पण तिच्या गाडीने. मेपासून ती कुठेही तिच्याच गाडीने येते. बायकांनी स्वावलंबी असावं या मताचा मी पहिल्यापासून आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार. दुपारी १

शूटिंग रेंजवर पहिला दिवस. भाड्याचं पिस्तूल: दहा गोळ्या, दोन कागदावर, त्यातली एक शेजारच्याच्या कागदावर. भाड्याची रायफल: दहापैकी सात. म्हणजे हिशोबाने रायफल घ्यायला हवी. पण रायफल घेऊन काचेत बघितलं तर बँकेच्या दारात स्टुलावर बसणाऱ्या गार्डसारखा दिसलो. पिस्तुलाने माणसाला एक रुबाब येतो. पिस्तूल घेणार.

हात थरथरत होते. कॉफी जास्त झाली असणार.

(मेपासून कॉफी सोडली आहे. आत्ता आठवलं.)

२३ ऑगस्ट, शनिवार

पिस्तूल घेतलं. दुकानाच्या दाराला घंटी. कुणी आलं-गेलं की डिंग-डाँग. त्या दुकानाला होती तशीच. बहुतेक सगळीकडे एकाच कंपनीची लावत असतील. फॉर्मवर तीनदा सही चुकली. विक्रेता फार सज्जन, पाणी आणून दिलं.

घरी इलाने पिस्तुलाकडे बघितलं नाही. तिजोरी कुठे ठेवणार, एवढंच विचारलं. आमची आरोही सोळा वर्षांची आहे, सगळं इंग्रजीत बोलते. तिचं म्हणणं, तिच्या मैत्रिणींना हे कळलं तर त्यांच्या आया त्यांना आपल्या घरी पाठवणार नाहीत. मी म्हणालो, कशाला कळायला हवं. ती म्हणाली, इथे आया विचारतात, डॅड.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणपती

दिवसभर पाहुणे. बेल वाजली की मी पँट्रीत जाऊन प्रसाद मोजत होतो. एकवीस मोदक. सहा वेळा मोजले, एकवीसच भरले. सातव्यांदा आत गेलो तर इला दारात उभी. बाहेरचं दार तिनेच जाऊन उघडलं.

६ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११

ड्रिल सुरू. हॉलमधून निघायचं, बेडरूममध्ये जायचं, तिजोरीचे आकडे दाबायचे, पिस्तूल हातात. पहिला प्रयत्न: आकडे विसरलो. तीनदा चुकल्यावर तिजोरी पाच मिनिटं बंद पडते, ही माहिती बॉक्सवर बारीक अक्षरांत होती. दुसरा प्रयत्न: एक्केचाळीस सेकंद. आरोही स्टॉपवॉच धरून होती. तिचं मत पडलं की तेवढ्यात चोर फ्रिजमधलं सरबत पिऊन ग्लास विसळून जाईल. विनोदबुद्धी आईकडून आली आहे.

संकल्प: दसऱ्यापर्यंत पंधरा सेकंद.

पहिल्या नोंदीत एक दुरुस्ती. बाहेर पडलो असं लिहिलं आहे. बाहेर म्हणजे गाडीत. फोन गाडीत होता ना.

१३ सप्टेंबर, शनिवार

हल्ली गॅस भरताना कार्ड पंपावरच स्वाइप करतो. आत जात नाही. आत रांगेत वेळ जातो. काल इला म्हणाली, आलोच आहोत तर दूध घेऊ. (वीकडेला माझ्या गाडीत बसली होती, तिची सर्व्हिसिंगला होती.) मी म्हणालो, इथलं दूध चांगलं नसतं. ती दार उघडून एकटीच गेली. काचेतून दिसत होती. काउंटरवर उभी. पाठमोरी. हिरवा कुर्ता. मी गिअरवर हात ठेवून होतो. हात तिथे का गेला ते कळलं नाही. सवय.

ती दूध घेऊन आली. गाडी जागेवरच होती. तिने दार उघडण्याआधी क्षणभर गाडीकडे बघितलं.

आणखी एक दुरुस्ती. १७ मे रोजी गाडीत बसून फोन केला हे खरं, पण गाडी तोवर थोडी पुढे गेली होती. म्हणजे पुढच्या सिग्नलपर्यंत. म्हणजे तिथे उजवीकडे वळून शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये. सुरक्षित जागेवरूनच फोन करावा असं पोलीसही सांगतात. इलाचा फोन वीस मिनिटांनी आला. तिने विचारलं, गाडी कुठे आहे. रागावून नाही. मॉलमधून बाहेर आल्यावर विचारतात तसं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी म्यूट काढलं की मला तोच आवाज ऐकू येतो. इंटरनेटचा प्रॉब्लेम असणार.

२० सप्टेंबर, शनिवार. दुपारी

रेंज. कागदावर माणसाची काळी आकृती. संग्राम म्हणाला, तो दुकानातला माणूस समज आणि झाड. प्रयत्न केला. त्या माणसाचा चेहरा आठवत नाही. मी पोलिसांना सांगितलं होतं, सहा फूट, टोपी. इलाने सांगितलं, साडेपाच फूट, टोपी नाही, कोवळा चेहरा, हात थरथरत होता. तिने जवळून बघितला.

मी त्याला नीट बघितलंच नसावं. मला काउंटरपाशी मागे वळलेली इला दिसते. कागदावरसुद्धा तीच दिसली. एकही गोळी झाडली नाही. संग्रामला सांगितलं, खांदा धरला आहे. याबद्दल उद्या सविस्तर लिहितो.

२१ सप्टेंबर, रविवार

वेळ झाला नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३

दसरा गुरुवारी झाला, पण गुरुवारी सगळ्यांचं ऑफिस. शस्त्रपूजा म्हणून आज, संग्रामच्या गॅरेजमध्ये. पाट, रांगोळी, झेंडूच्या माळा. माझं पिस्तूल, संग्रामचं पिस्तूल, गिरीशची रायफल. संग्राम सेफ्टीच्या बाबतीत कडक. गोळ्या काढून वेगळ्या ठेवल्या, आणि आत काही नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून तिन्ही शस्त्रं उघडून ठेवली. मग आम्ही पंधरा जणांनी हळद, कुंकू, खोबरेल तेलाचं बोट आणि लग्नात टाकतात तशा मूठमूठ अक्षता टाकल्या. प्रसन्न वाटलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा हात थरथरला नाही.

उद्या पिस्तूल विरुद्ध रायफल, फ्रेंडली मॅच. एकदाचा निकाल लागेल. इलाला ये म्हणालो. ती नको म्हणत होती. मी म्हणालो, एकदा बघ, मी आता कसा उभा राहतो ते. शेवटी येते म्हणाली.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी २

मॅच झाली.

गिरीशची रायफल पहिल्याच गोळीला अडकली. तेल आणि कुंकू यांचा आत लगदा झाला होता. संग्रामच्या पिस्तुलातून एक गोळी सुटली, दुसरी तिरकी बसली. तिथल्या म्हाताऱ्या रेंज ऑफिसरने चिमट्याने आतून तांदळाचा दाणा काढला, उजेडात धरला आणि विचारलं, हे काय आहे. गिरीशने सांगितलं, आशीर्वाद. म्हातारा दाण्याकडे बघत राहिला. मी पोट धरून हसलो. इलाही हसली. मेनंतर तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग माझी पाळी. इला मागे, रेषेपलीकडे बाकापाशी, कानांवर आवाज अडवणारे मफ्स लावून उभी. मी नीट उभा राहिलो. पाय खांद्याइतके लांब. श्वास. चाप ओढला. एक गोळी कागदावर, छातीत. दुसरी सुटेना. माझ्याही पिस्तुलात अक्षता.

मला वाटलं, ही गंमत इलाला दाखवावी. मी वळलो. पिस्तूल हातातच होतं.

ऑफिसर ओरडला. कानांवर मफ्स, मला नीट कळलं नाही. इलाची पर्स खाली पडली होती. तिचे दोन्ही हात वर गेले होते, तळवे माझ्याकडे. ती माझ्याकडे बघत नव्हती. पिस्तुलाच्या तोंडाकडे बघत होती.

म्हाताऱ्याने माझं मनगट धरून खाली दाबलं. पिस्तूल काढून घेतलं. चाप अडकला होता, काही होण्यासारखं नव्हतं, हे मी सगळ्यांना सांगितलं. बरेचदा सांगितलं.

हात खाली घे, असं इलाला कुणालातरी सांगावं लागलं. ते मी सांगितलं नाही. गिरीशने सांगितलं.

ती तिच्या गाडीने घरी गेली.

६ ऑक्टोबर, सोमवार

रेंजवर कायमची बंदी. ईमेल आला. भाषा सभ्य आहे.

पिस्तूल संग्रामला देऊन आलो, विकून टाक म्हणालो. त्याने खांद्यावर हात ठेवला, कोणालाही होऊ शकतं म्हणाला. गिरीशचा मेसेज: पिस्तूल आणि रायफल दोन्ही नाजूक, तू शॉटगनचा विचार कर.

इला बोलते. जेवण वाढते, मीठ कमी आहे का विचारते. मी मागून स्वयंपाकघरात शिरलो की तिचे हात थांबतात. मी आता यायच्या आधी पॅसेजमधून खोकतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

उद्या इलाशी बोलणार. पिस्तूल, रायफल सगळा फापटपसारा होता. बोलायचं एकच वाक्य होतं आणि त्याला तिजोरी लागत नाही. कागदावर लिहून पाठ केलं: १७ मे रोजी मी तुला तिथे टाकून पळालो. स्टॉपवॉच लावून म्हणून बघितलं. चार सेकंद लागतात.

१२ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४

इला डायनिंग टेबलवर मेथी निवडत होती. समोर बसलो. मीही एक जुडी घेतली. दहा मिनिटं मेथीच निवडली. मग म्हणालो, त्या दिवशी दुकानात मी... तिथून पुढे येईना.

इलाचे हात चालूच होते. ती म्हणाली, अरे, ते अजून मनात धरून बसला आहेस का? मीच नव्हतं का तुला डोळ्यांनी खुणावलं, नीघ म्हणून? दोघंही आत अडकलो असतो तर आरोहीकडे कुणी बघितलं असतं? तू निघालास तेच बरं झालं. तुला माझी खूण कळली म्हणून तर मी कधी काही बोलले नाही. आता ते हत्यार वगैरे पुन्हा आणू नकोस, एवढं कर.

खरं काय ते इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार. तिने खुणावलं नव्हतं. मी दार ढकललं, घंटी वाजली, म्हणून ती वळली. तिने माझ्याकडे बघितलं, मग दारावरच्या माझ्या हाताकडे. भुवई हलली नाही, मान हलली नाही. मी जवळ येतोय का, एवढंच ती बघत होती. मला ते कळलं, आणि मी गेलो. हे तिलाही माहीत आहे. एवढं सगळं बोलताना तिने मेथीवरून नजर वर केली नाही.

मी म्हणालो, हो ना, तेच सांगत होतो. तुझी खूण बघूनच मी निघालो.