एकोणीसशे किलोमीटर चाललेल्या गाडीची वाटणी

मी, श्रीमती जयमाला बबनराव तापकीर, वय पासष्ट, व्यवसाय घरकाम, राहणार मोशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली नव्हे, तर माझ्या स्वतःच्या समजुतीने लिहीत आहे. आज सकाळी डॉ. गणराज शेवाळे यांनी मला तपासले. तारीख विचारली, नातवंडांची नावे विचारली, शंभरातून सात वजा करायला लावले. सगळे बरोबर आले. रक्तदाब तेवढा वाढलेला निघाला. पुढचा मजकूर लिहायचा म्हटल्यावर तो वाढणारच, असे मी त्यांना सांगितले. याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर. मोशीतले दोन मजली घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. घर बाईच्या नावावर असले की घरपट्टीत सवलत मिळते, म्हणून माझे पती कै. बबनराव यांनी ते माझ्या नावावर घेतले. तेव्हा मी दाखवतील तिथे सही केली होती. हे घर मुलगा रणजीत आणि मुलगी पूनम यांना निम्मे-निम्मे मिळावे. पूनमचा रावेतला फ्लॅट आहे, तिला काय गरज, असे रणजीतने मला दोनदा ऐकवले. गरज आहे की नाही ते पूनम ठरवेल. सून विजयश्री हिला वरच्या मजल्यावर तहहयात राहण्याचा हक्क राहील. नवऱ्याशी तिचे पटो अथवा न पटो, त्या हक्कास बाधा येणार नाही.

कलम २. दागिने. माझ्या चार पाटल्या, मोहनमाळ आणि ठुशी विजयश्रीला. पूनमला तिच्या लग्नात दिलेले आहे आणि तिची हरकत नाही. विजयश्रीला का, हे पुढच्या कलमात कळेल.

कलम ३. गाडी. नोंदणी क्रमांक व चासी क्रमांक परिशिष्टात आहेत. हे कलम लांबणार आहे. वकिलांनी दोन ओळींत उरकायला सांगितले होते. मला ते जमणार नाही.

आमचे शेवटचे शेत २०१९ साली गृहप्रकल्पाला गेले. त्याच वर्षी रणजीतचा मित्र रविराज घरी येऊ लागला. जुन्या महागड्या गाड्यांची खरेदी-विक्री हा त्याचा धंदा. त्याने बबनरावांना एक परदेशी गाडी दाखवली. दोनच माणसे बसतील अशी, जमिनीला टेकलेली, गडद हिरवी. या रंगाच्या देशात तीनच आहेत, मुंबईच्या पहिल्या मालकाने ती जेमतेम अकराशे किलोमीटर चालवली आहे, रंग कंपनीचाच आहे, प्रत्येक सर्व्हिसचा शिक्का आहे, असे तो सांगत होता. अशा गाडीची किंमत उतरत नाही, चढते. फक्त पथ्य पाळायचे. मीटर वाढू द्यायचे नाही, ओरखडा येऊ द्यायचा नाही, एकही भाग पुन्हा रंगवायचा नाही आणि मालकांची संख्या वाढू द्यायची नाही.

माझ्या नवऱ्याने जन्मभर बैल राबवले, ट्रॅक्टर राबवला, पुढे दोन टेम्पो राबवले. नुसती उभी राहणारी वस्तू त्यांना खपत नसे. त्या माणसाने या गाडीसाठी खालच्या खोलीतली माझी धान्याची पिंपे गॅलरीत काढली आणि तिथे एसी बसवला. मला तोवर एसी नव्हता. दर रविवारी मऊ फडक्याने ती पुसायचे आणि खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसायचे. एकदा मी म्हटले, हिच्यातून आळंदीला जाऊन येऊ. म्हणाले, “तू रिक्षानं जा. हिचं मीटर पळतंय.” तीन वर्षांत मीटर अकराशेवरून एकोणीसशेवर गेले, म्हणजे गाडी आठशे किलोमीटर चालली. त्यातले एकही माझ्यासोबत नाही.

दिनांक ९ नोव्हेंबर २०२२, बुधवार. दुपारी तीनच्या सुमारास बबनरावांच्या छातीत कळ आली. रोजची गाडी गॅरेजला होती. रणजीत घरात होता. त्याने अँब्युलन्सला फोन केला. ती चाकणकडून निघाली आणि नाशिक रस्त्याच्या कोंडीत अडकली. भोसरीचे हॉस्पिटल आमच्या घरापासून आतल्या रस्त्याने पंधरा मिनिटांवर आहे. मी कपाटातून हिरव्या गाडीची किल्ली आणली आणि रणजीतला म्हटले, यांना घे आणि नीघ. त्याने किल्ली माझ्या हातातून काढून घेतली.

“आई, फाटकाच्या उतारावर पुढून घासेल ती,” तो म्हणाला. “अँब्युलन्स पाच मिनिटांत येतीये.”

मी त्याच्याशी भांडत होते. तेवढ्यात कॉटवरून बबनराव बोलले. छातीवर हात दाबून धरलेला, कपाळावर घाम. म्हणाले, “नगं. घासंल ती.”

माझ्या नवऱ्याचे हे शेवटचे शब्द. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर ते माझ्याशी नाही, गाडीविषयी बोलून गेले. याचा राग मला आजही आहे आणि तो मेलेल्या माणसावर धरू नये असे मला कुणी सांगू नये.

पाच मिनिटे तीनदा झाली. मग विजयश्री अनवाणी रस्त्यावर धावली आणि खोकी भरून चाललेला एक टेम्पो तिने आडवी होऊन थांबवला. भैरू नावाच्या त्या अनोळखी चालकाने एक शब्द न विचारता खोकी रस्त्याच्या कडेला उतरवली आणि आम्हाला नेले. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळे संपले होते. पंधरा-वीस मिनिटे आधी आणले असते तर काही करता आले असते, असे तिथले डॉक्टर म्हणाले.

दशक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी रविराज एक फॉर्म घेऊन आला. रणजीत त्याच्या शेजारी बसला होता. रविराज समजुतीच्या सुरात सांगू लागला की वारसाने गाडी तुमच्या नावावर झाली, की तुम्ही तिसऱ्या मालक ठरता आणि गिऱ्हाईक तिथेच भाव पाडते. म्हणून काकांनी हयातीतच गाडी विकायला काढली होती असे दाखवू. मागची तारीख टाकू. काकांची सही जुन्या कागदावर आहेच, तशी करणारा माणूसही आहे.

मी विचारले, “म्हणजे त्यांना अजून जिवंत ठेवायचं?”

“फक्त कागदावर, काकू,” तो म्हणाला.

फॉर्म मी त्याच्यासमोर फाडला. रणजीत म्हणाला, आई, तुला यातलं कळत नाही. त्या वाक्याने माझे ठरले. पूनम माझ्या बाजूने उभी राहिली, रणजीतला नाइलाजाने संमतीपत्र द्यावे लागले आणि गाडी कायद्याने माझ्या नावावर झाली. तिसरी मालक.

मग मी भोसरीत आम्रपाली कांबळे हिच्या ड्रायव्हिंग क्लासला नाव घातले. ही बाई लातूरकडची. नवऱ्याच्या मागे तिने एका जुन्या गाडीवर बायकांसाठी क्लास सुरू केला. माझे वय ऐकून ती हसली नाही, एवढ्यानेच मला ती आवडली. मला परवाना मिळाला त्या आठवड्यात ती आमच्या घरी आली, हिरव्या गाडीत बसली आणि गाडीबरोबरचे पुस्तक आधी नीट वाचले. मग तिने मला हाक मारली.

“ताई, हे बघा,” म्हणाली. “हे बटण दाबलं की पुढचा भाग वर उचलतो. उतारासाठीच दिलंय.”

तिने बटण दाबले. गाडीने नाक चांगले चार बोटे वर घेतले. आम्ही फाटकाच्या उतारावरून बाहेर गेलो. कुठेही घासले नाही.

त्या संध्याकाळी मी रणजीतला विचारले, तुला हे बटण माहीत होते का. तो जेवत होता. ताट तसेच ठेवून उठला.

तेव्हापासून मी गाडी चालवते. शेजारच्या दुर्गाबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेते. बाजारहाट करते, पूनमकडे जाते. मीटर आज अकरा हजारांवर आहे. भाजी मंडईत रिक्षा घासून गेली म्हणून डावा दरवाजा रंगवावा लागला. मागच्या दिवाळीत रविराजने येऊन रंगाची जाडी मोजायचे त्याचे छोटे यंत्र दरवाजाला लावले आणि हताश होऊन म्हणाला, “काकू, निम्मी किंमत घालवलीत.” वस्तू वापरली म्हणून तिची किंमत जाते आणि माणूस जातो तेव्हा कुठल्याही कागदावर काही उतरत नाही, हा हिशेब मला मान्य नाही. त्याला मी चहा दिला नाही.

माझ्या पश्चात सहा महिन्यांत पूनमने गाडी विकावी. रविराजमार्फत विकू नये. गिऱ्हाइकाला तीन मालक, खरे मीटर आणि रंगवलेला दरवाजा आधी सांगावा, आणि नाक उचलण्याचे बटण स्वतः दाबून दाखवावे. येईल त्या रकमेतून आम्रपालीला क्लाससाठी दोन नव्या गाड्या घेऊन द्याव्यात. अट एकच. चाळिशी ओलांडलेल्या बाईकडून तिने फी घेऊ नये. उरलेली रक्कम पूनमची. या रकमेत रणजीतला काहीही नाही.

कलम ४. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी पूनमला नेमते. खालच्या खोलीतला एसी काढून माझ्या खोलीत मी आधीच बसवला आहे. तो विजयश्रीने घ्यावा.

कलम ५. हा मसुदा मी गेल्या रविवारी रणजीतला वाचून दाखवला. त्याच्या पाठीमागे काही करायचे नव्हते. घराविषयी तो बोलला नाही, गाडीविषयीही नाही. एवढेच म्हणाला, “आई, मला बटण माहीत होतं. त्या वेळी वाटलं, अँब्युलन्स येईलच, तर कशाला काढायची. हे पण लिही.”

त्याच्या सांगण्यावरून ते इथे लिहिले आहे. त्याला माफ केले असे लिहावे म्हणून मी तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. ते वाक्य माझ्या हातून झाले नाही. मी आणखी जगले आणि कधी झाले, तर पुरवणी जोडीन. न जोडता गेले, तर रणजीतने एवढे समजावे की त्याची आई रोज प्रयत्न करीत होती.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही करीत आहे. त्यांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या आहेत.

ठिकाण : मोशी
दिनांक : १८ सप्टेंबर २०२५

(सही) जयमाला बबनराव तापकीर

साक्षीदार :
१. (सही) डॉ. गणराज शेवाळे, मोशी. सही करतेवेळी बाई पूर्ण शुद्धीवर व सावध होत्या.
२. (सही) भीमराज लांडे, निवृत्त शिक्षक, भोसरी.