दादा, पेट्यांना रंग दिला

प्रिय दादा,

तू गेल्यापासून वर्षभर तुला सांगावं असं काही घडलं नाही, म्हणून गप्प होतो. काल घडलं. घरात बोललो तर म्हणतील, जाऊ द्या, पत्र्याच्या तर पेट्या. तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून तुलाच लिहून राहिलो.

काल तुझ्या सैनिकी संग्रहालयाचा वार्षिक कार्यक्रम झाला. तू नसतानाचा पहिला. मंडप माझा, माईक माझा, खुर्च्या माझ्या. तू असतास तर ओरडला असतास, "बापू, आवाज कमी कर, हे लगीन न्हाई!"

नव्या समितीनं एका निवृत्त कर्नलसाहेबांना बोलावलं होतं. आणि आपल्या अहमदपुरात पाहुणा येणार म्हटलं की आधी रंगाचा डबा उघडतो. हातपंप रंगवतात, लिंबाचा बुंधा रंगवतात. यांनी पेट्या रंगवल्या!

हो, त्याच. फौजेतून कधी माणसासोबत, कधी माणसाशिवाय घरी आलेल्या काळ्या पेट्या. वर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, गाव. तू माझ्या टेम्पोतून खेडोपाडी फिरून गोळा केलेल्या. घरच्यांनीच आपल्या हातानं फळीवर ठेवायच्या, वर्षातून एकदा घरच्यांनीच येऊन पुसायच्या, असा तुझा नियम.

आता सगळ्या एकसारख्या हिरव्यागार. आधी पॉलिश पेपरनं घासल्या, मग रंगाचे दोन हात. अध्यक्ष मला म्हणाले, "बापूशेठ, बघा, नव्या नवरीवानी दिसून राहिल्या का न्हाई?" मनापासून म्हणाले रे. वाईट माणूस नाही तो. तेच तर अवघड आहे.

मग गयामावशी आली. तिचा नवरा सीमेवरून परत आलाच नाही, नुसती पेटी आली. तिला वाचता येत नाही, पण अक्षरांवरून बोट फिरवून ती नवऱ्याचं, मारुतीचं नाव ओळखायची. "हा गाठीचा म," असं तूच तर तिचं बोट धरून शिकवलं होतंस!

फडकं घेऊन ती पहिल्या पेटीपाशी बसली. हात फिरवला. पुढच्या पेटीवर फिरवला. मग तिच्या पुढच्या. शेवटी माझ्याकडं बघून म्हणाली, "बापू, मालकाची पेटी कुठं ठिवली रं?"

मीही तिच्यासोबत शोधायला लागलो.

तेवढ्यात मंचावरून तिचं नाव पुकारलं. शाल, नारळ, फोटो. ती माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "शाल ऱ्हाऊ द्या. माझी पेटी दावा." लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादा! त्यांना ते भाषण वाटलं.

अध्यक्ष वळून सेक्रेटरीच्या कानाला लागले. त्यांच्यापुढच्या माईकचा आवाज मी मंडपात बंद केला होता, पण माझ्या हेडफोनमध्ये येत होता. "पेंटरला बोलवा. अंदाजानं टाकू नावं. म्हातारीला एखादी दाखवून द्या, कोणाला कळतंय?"

तुला कळलं असतं. कोणती पेटी कोणाची, सगळं तुझ्या डोक्यात. किती वेळा म्हणालो, कोणाला तरी सांगून ठेव. "मी हाय की!" म्हणायचास, वर हसायचास. कुठं हायस आता? रागावतो मी तुझ्यावर, मग गेलेल्या माणसावर रागावलो म्हणून स्वतःवर.

मावशीला स्टँडवर सोडलं. म्हणालो, "पुढच्या वर्षी गाडी पाठवतो, माय." ती म्हणाली, "कशाला रं? हात कशावर फिरवू?" एसटी हलली, तिनं मागं पाहिलं नाही.

आज सकाळी संग्रहालयात गेलो. थिनर लावून एक कोपरा खरवडला. खाली कोरा पत्रा. मग वाटलं, यातच तुझीही फौजेतली पेटी आहे, निदान ती तरी ओळखू. तू सुट्टीवर आलास की कडी वाजायची आणि मला अंगणातून कळायचं, दादानं पेटी उघडली! माझे कान तुला माहीत आहेत. भोंगा खरखरला तरी तार कुठं तुटली ते सांगतो, त्याच कानांवर तर धंदा उभा केला. एकेक कडी उघडली, लावली. पुन्हा उघडली. सगळ्या सारख्याच वाजल्या.

तुझी पेटी मला ओळखता आली नाही, दादा.

अध्यक्ष तिथंच होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुभेदारसाहेबांचं नाव पहिलं टाकू. तुम्ही भाऊ. बोट दाखवा, त्या पेटीवर टाकतो." खोटं कशाला सांगू, बोट उचललं होतं मी. खिडकीजवळची चांगली होती, उजेडातली. मग हात खाली घेतला.

"मग काय, बिननावाच्या ठेवायच्या?"

"ठेवा."

"लोक येऊन काय बघतील, बापूशेठ?"

मी थिनरचा डबा उचलून बाहेर आलो. घासून गेलेली नावं परत यायची नाहीत, आणि मावशीही यायची नाही. समिती माझं किती दिवस ऐकेल, तेही दिसतंच आहे. मी पडलो मंडपवाला.

तरी तुला शब्द देतो. माझ्या डोळ्यांदेखत एकाही पेटीवर अंदाजाचं नाव पडू देणार नाही. तुझंसुद्धा.

तुझा धाकटा,
बापू