बायबलवरचं हळदकुंकू

वृषाली,

भाकरी टोपल्यात हाय, दूध तापवून झाकलंय. नुसता चहा पिऊन परत आडवी होऊ नकोस. शेळीला पाणी दाव.

मी निरगुडसरला चाललेय, तुमच्या प्रार्थनेच्या मार्थाबाईंना आणायला. बसचं काय खरं न्हाई, पण दुपारपातूर येऊ.

ऋषी गेल्यापासनं तू तुझं बायबल ट्रंकेत टाकलंस. पहाटंचं तुझं गाणंबी बंद झालं. आधी मला त्या गाण्याचा लई राग यायचा, आता त्याच्याबिगर उठावंसं वाटत न्हाई. तुझा नवरा, तसा माझा लेक व्हता तो. माझ्या देवांपुढं माझं तोंडच उघडत न्हाई. घरात एकीला तरी देवाशी बोलता आलं पायजे ना?

म्हणून सकाळी मीच ते पुस्तक काढून फळीवर ठेवलं. तुझ्या येशूला काय वाहतात, मला काय ठावं! हळदकुंकू लावलं, उदबत्ती लावली, झेंडूचं फूल ठेवलं. मागितलं एवढंच, माझ्या सुनेला उठव.

तुमच्यात हे चालत नसंल तर मार्थाबाई यायच्या आत पुसून टाक. पण पुसायला तरी ऊठ, बाई.

आई