धुराचा काटा

पलूस,
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप जोतीराम दाजी यांस,

पलूसहून दादासोचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आक्काच्या गुडघ्याला मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा ती बांधते, की खुंटीला टांगून ठेवलाय? मेढ्याची भातं काढून झाली असतील. तुमची बोटं कशी आहेत? धार काढताना आखडत नाहीत ना? (सहज विचारतोय.) आम्ही सगळे खुशाल. फोन असताना हा मेव्हणा पत्र का लिहीत बसलाय, असं तुम्हाला वाटेल. तर सध्या मी फोनवरून काही पाठवलं की त्याचा धूर मोजला जातो, आणि मोजणारी बाई माझ्याच घरात राहते.

सूनबाई काय काम करते ते लग्नात तुम्हाला सांगितलं होतं, पण तेव्हा मलाच कळलेलं नव्हतं. आता पक्कं कळलंय. अंकिताची कंपनी बंगळूरची. त्यांचं एक ॲप आहे, उसाच्या पानाचा फोटो पाठवला की रोग कुठला ते सांगतं. तो फोटो जातो क्लाऊडवर. नाव ढगाचं, पण ढगबिग काही नाही. कुठंतरी लांब गुऱ्हाळाच्या दसपट मोठी शेड आणि तिच्यात अखंड चालणारे भाड्याचे कॉम्प्युटर. त्यांना वीज लागते, आणि विजेसाठी कुठंतरी कोळसा जळून कार्बन निघतो, म्हणजे आपल्या भाषेत धूर. आता दुपारच्या विजेत उन्हाची वीज बरीच असते, संध्याकाळच्या विजेत कोळशाची जास्त. म्हणजे तेच काम बाराला केलं तर धूर कमी, सातला केलं तर लय. महिन्याच्या बिलात हे दिसत नाही. म्हणून अंकितानं एक काटा तयार केलाय. या घडीला, कुठल्या कामापायी, किती ग्रॅम धूर निघतोय ते तो पडद्यावर दाखवतो. हे तिनं मला एकदा सांगितलं आणि समजलं. वीरधवलला (तिचा नवरा असून, वर इंजिनिअर असून) तीनदा सांगावं लागलं.

मंगळवारी संध्याकाळी सातला त्या काट्याची चाचणी होती. साहेब लोक बंगळूरहून बघणार, अंकिता आमच्या माजघरातून दाखवणार. काटा पास झाला तर तिला बढती, आणि दोघांनी तीन वर्षं बंगळूरला राहायला जायचं. नापास झाला तर आहे तसंच, पलूसमध्ये, माजघरातल्या टेबलावर. आता मी काही रडणारा माणूस नाही. बावीस वर्षं फौजेत काढलीत. घर मोकळं झालं तर टीव्हीचा रिमोट तरी हाताला लागेल, असं मी अंजनाला म्हणालोसुद्धा. ती भाकरी थापत राहिली.

पण दाजी, तुम्ही पडला भातवाले. आम्हा उसवाल्यांची एक रीत आहे. ट्रॉली भरली की थेट कारखान्याच्या काट्यावर न्यायची नाही. आधी बाहेरच्या काट्यावर घालायची, चिठ्ठी खिशात ठेवायची, मग तिकडं. काटा सख्ख्या भावाचा असला तरी तपासायचा, त्यात राग मानायचा नाही. मग घरच्या सुनेचा काटा न तपासता साहेबांपुढं कसा जाऊ द्यायचा? मी ठरवलं, आपणच त्यावर भार घालायचा, तोही ऐन सातच्या ठोक्याला, काळ्यात काळ्या विजेवर. माजी सैनिकांच्या ग्रुपवर हुकूम सोडला की प्रत्येकानं सात वाजता उसाच्या पानाचे दहा फोटो त्या ॲपवर पाठवावेत. आम्ही चाळीस जण, म्हणजे चारशे फोटो. (अंकिताला सांगितलं नाही. सांगून केली तर ती तपासणी कसली?)

घोटाळा केला बाळासोनं. बाळासो म्हणजे माझ्याबरोबर रिटायर झालेला हवालदार, डोक्यानं जरा हलका. त्यानं तो हुकूम डेअरीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तरुण मंडळ, तिथून द्राक्षवाले. सातला सगळा तालुका फोटो काढायला बाहेर पडला. ऊस संपल्यावर लोकांनी हळद पाठवली, द्राक्षं पाठवली, शेळ्या पाठवल्या. बाळासोनं स्वतःचा फोटो पाठवला, त्याला उत्तर आलं की पानात पालाशची कमतरता आहे.

सात वाजून दोन मिनिटांनी पडद्यावरचा आकडा चाळीस ग्रॅमवरून सहाशेवर गेला आणि हिरव्याचा लालभडक झाला. अंकिताचा चेहरा पांढरा पडला. मी दारात हाताची घडी घालून उभा. पण काय सांगू दाजी, काटा कुठंच अडकला नाही. मिनिटामिनिटाचा धूर त्यानं मांडला. भार पलूसकडनं आलाय, निम्मा माल उसाचा नाहीच, आणि तेवढं काम उद्या दुपारच्या उन्हाच्या विजेवर ढकला, एवढं सगळं त्यानं दाखवलं. अंकितानं बटण दाबलं, आकडा खाली आला. साहेबांनी तिकडं टाळ्या वाजवल्या. असली कडक चाचणी आम्हाला सुचली नसती, कुणी ठरवली, असं विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सांगितलं, सासऱ्यांनी.

तात्पर्य, तुमच्या मेव्हण्यामुळं सूनबाई पास झाली. येत्या नाही, पुढच्या रविवारी मिरजेहून त्यांची गाडी आहे. मी मजेत आहे. आक्काला नमस्कार सांगावा, आणि पट्टा बांधायला लावावा.

आपला मेव्हणा,
दादासो (सुभेदार, निवृत्त)

ता. क. अंकिताला बंगळूरला न्यायला मेढ्याचा तांदूळ पाठवावा. वीस किलो पुरे.

दुसरा ता. क. काटा तपासायचा होता असं वर लिहिलंय, ते खरं नाही. मला तो मोडायचा होता. बाळासोचीही चूक नाही. एकही ग्रुप सोडू नको, असं त्याला मीच बजावलं होतं. साहेब लोक गेल्यावर अंकितानं मला खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. पहिला फोटो सहा एकोणसाठचा, आमच्या म्हशीचा, माझ्या नंबरावरून. मला वाटलं, आता ही बोलणार. ती एवढंच म्हणाली, "आप्पा, जाऊ नकोस असं तोंडानं सांगायचं व्हतं की." दाजी, पोरीनं लय मेहनत केली होती, आणि मी तिच्या काट्यावर शेळ्या घातल्या. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढी शरम वाटली नव्हती.

तिसरा ता. क. मग तिनं तिथल्या तिथं दोनाची चार तिकिटं केली. अंजना आणि मी महिनाभर त्यांच्याकडं. राहता राहिली म्हैस. धार पहाटे पाचला. डाव्या अंगाला बसावं, उजवीकडं लाथ मारते. तुम्ही व्हय म्हणणार हे धरूनच चाललोय. तांदूळ पाठवू नका, गाडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, येताना तुम्हीच घेऊन या.