विळा फितूर झाला

११ जुलै, सकाळ.
डाळिंबाच्या चाळीस झाडांवर ठिपके. बोर्डोचं औषध मारायचं ठरवलं. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. सातवी झालीय, एवढं येतं. सत्यजीत कारेगावला कंपनीत जाताना गाडीवरूनच बजावून गेला की, या खेपेला बिघडलं तर फवारणी शेजारच्या जयसिंगकडं. पोटच्या पोराचा विश्वास हा!

दुपार.
चुना घरचाच. सत्यजीतच्या लग्नात भिंती रंगवल्या, तेव्हाचं पोतं. लोणचं मुरतं तसा चुनाही मुरत असणार. नात अनुपमा, अकरावी सायन्स, म्हणाली, आबा, पोतं उघडं राहून चुना मेलाय. वजन सारखं असलं तरी कामाचा चुना थोडाच. तो आधी संपणार, उरलेला मोरचूद पानं जाळणार. आधी संपतं त्याला म्हणे लिमिटिंग रिएक्टंट म्हणतात. मी विचारलं, चुना मेला तर दहावा कधी? हसली नाही.

१२ जुलै, सकाळी ८.
मिश्रणात लोखंडी विळा बुडवला. तांबूस झाला तर चुना कमी, ही जुनी रीत. तांबूस झाला. घासून पुन्हा बुडवला. पुन्हा तांबूस. बायको गिताबाई म्हणाली, विळा काय घासत बसलाय, ताजा चुना आणा की. चाळीस वर्षं कमरेला वागवलेला विळा ऐन वेळी उलटला.

सकाळी १०.
स्वयंपाकघरातला स्टीलचा चाकू बुडवला. लख्ख! अनुपमा म्हणाली, स्टीलवर तांबं चढतच नाही. चाकू प्रामाणिक आहे. फवारणी सुरू.

१५ जुलै.
पानांच्या कडा करपल्या. ऊन फार. तीन दिवस ढग आहेत, पण ढगाआड ऊन असतंच.

१७ जुलै.
पानगळ. जयसिंगनं बांधावरून विचारलं, आबा, बागंत शेकोटी केली व्हय? शेजारी असा.

१९ जुलै.
अनुपमाच्या वहीत सापडलं. आधी संपला: चुना. शिल्लक: मोरचूद. पुरावा: आबांची चाळीस झाडं. खाली सरांचा लाल शाईत 'उत्तम' शेरा. घरचीच फितूर.

११ ऑगस्ट.
नवी पालवी आली. पंप जयसिंगच्या पाठीवर. चुना ताजा, पाणी टाकताच फसफसला. मला फक्त विळा धरायला बोलावलं. बुडवला. मिनिटभर मनात म्हणत होतो, हो तांबूस, एकदा हो.
जसा होता तसाच वर आला.