घारमाथ्यावरच्या ६४३ ची नोंद

मी, प्रमोदिनी दत्तोपंत बेहेरे, वय ७४, अविवाहित, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार भिसेगाव, कर्जत, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत.

१. भिसेगावचा फ्लॅट माझा पुतण्या ओजस याला मिळावा. तो विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावा. फक्त घर बघायला येणाऱ्यांना ‘आत्या जरा विक्षिप्तच होती’ असं सांगत बसू नये.

२. बँकेतली शिल्लक मी शिकवलं त्या शाळेला द्यावी. माझ्या नावाची पाटी लावू नये. पक्षिमित्र मंडळाने दिलेलं सन्मानचिन्ह मोडीत घालावं. ते जड आहे आणि दिसायलाही वाईट आहे.

३. आता वह्या. हिवाळा आपल्याकडे काढलेल्या घारी, मधुबाज आणि इतर शिकारी पक्षी मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला परत जातात. कडावच्या वरच्या घारमाथ्यावर बसून मी बावीस वर्षं ते मोजले. पहिली आठ वर्षं कडावचे शेतकरी बुधाजी चांगो सोनावळे माझ्याबरोबर असत. त्यांची नुसती नजर माझ्या दुर्बिणीपेक्षा चांगली. नियम मी घातलेला: एकाने बघायचं, एकाने लिहायचं, पानाखाली दोघांच्या सह्या. एकट्याची नोंद धरायची नाही.

२७ मार्च २०११ ला माझी दाढ ठणकत होती, म्हणून मी खालापूरला डॉक्टरकडे गेले. बुधाजी एकटेच वर होते. संध्याकाळी ते वही घेऊन घरी आले. आकडा होता ६४३. तोवरचा आमचा सर्वांत मोठा दिवस दोनशेचा. मी पानावर लाल रेघ मारली आणि लिहिलं, ‘एकट्याची नोंद. अग्राह्य.’

ते म्हणाले, “बाई, तुमी नव्हतात म्हणून पाखरं आलीच नाय का?”

मी म्हणाले, नियम म्हणजे नियम. त्यानंतर ते मोजणीला आले नाहीत.

पुढच्या वर्षी ओजस सुट्टीला आला, एकटाच वर गेला, ११२ लिहून आणले, आणि मी मुकाट्याने खाली सही केली. तेव्हा नियम आड आला नाही. घरचा, शिकलेला मुलगा म्हणून त्याचा शब्द चालला. बुधाजींचा चालला नाही. हे मला सही करतानाच कळलं होतं. कबूल करायला चौदा वर्षं लागली, याची मला लाज वाटते.

गेल्या वर्षी ३० मार्चला मी एकटी वर होते. अकरा ते एक या वेळात ७०८ मोजले. दुसरी सही कोणाची घेणार? कोणाला सांगितलंही नाही.

२०११ च्या त्या पानावर मी आज लिहिलं आहे: ‘नोंद ग्राह्य. चूक माझी.’ २०१२ च्या पानावरची माझी सही रद्द समजावी. सर्व वह्या आणि दुर्बीण बुधाजींची सून मेघा हिला मिळावी. दुर्बीण खरं तर बुधाजींनाच द्यायची होती. पण साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणाले, आणि साक्षीला मला तेच हवे आहेत.

४. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असं नाही. बुधाजींनी मात्र पूर्ण वाचावा. वाचून सही करावीशी वाटली नाही तर करू नये, आणि त्यांच्या जागी दुसरं कोणी घेऊ नये. वकील म्हणाले, “बाई, एका साक्षीदारावर मृत्युपत्र टिकत नाही. वह्यासुद्धा ओजसकडे जातील.” ओजस त्या रद्दीत घालेल, आणि ६४३ ही जातील. ते मला सोसलं पाहिजे.

ठिकाण: भिसेगाव, कर्जत
दिनांक: ५ एप्रिल २०२६

(सही) प्रमोदिनी दत्तोपंत बेहेरे

साक्षीदार

१. डॉ. हर्षला पाटणकर, भिसेगाव. बाईंना तपासलं. त्यांनी समजून-उमजून माझ्यासमोर सही केली. (सही)

२. बुधाजी चांगो सोनावळे, कडाव. सगळं वाचलं. बाईंनी माझ्यादेखत सही केली. लाल रेघेचं मला एवढं काय नव्हतं. इतकी पाखरं डोक्यावरून गेली नि दाखवायला बाई नव्हत्या, ते सांगायला मी त्या दिवशी घरी आलो होतो. (सही)